लेन बंद करायचा हक्क

वाह्यात गिऱ्हाइकाशी कसं वागावं याबद्दल माझं एक ठाम मत होतं. कामाला लागणाऱ्या प्रत्येक पोराला मी ते पहिल्याच दिवशी ऐकवायचो: हसायचं, सॉरी म्हणायचं, आणि प्रकरण फारच तापलं तर एक गेम फुकट देऊन टाकायचा. आता मी नव्या पोरांना याच्या बरोब्बर उलटं सांगतो. हे कसं झालं ते आमच्या मालकांना मी तुकड्यातुकड्यानं सांगितलंय, त्यांना पटलेलं नाही. सलग लिहून काढलं तर निदान मला तरी नीट दिसेल.

मी रायपूरचा, तात्यापाऱ्यात वाढलेला. आधी हॉटेलांत नोकऱ्या केल्या, आता एका मॉलच्या वरच्या मजल्यावरचं गेमिंग झोन सांभाळतो. व्हिडिओ गेम आहेत, लहान मुलांची गाडी आहे, पण लोक येतात ते बोलिंगसाठी.

जुन्या मताची बाजू आधी मांडतो, कारण ते काही मूर्खपणाचं नव्हतं. या धंद्यात सगळा खर्च आधीच झालेला असतो. भाडं, एसी, मशीन, पगार; गिऱ्हाईक येवो न येवो, हे चुकत नाही. मंगळवारी दुपारी लेन तशीही रिकामीच असते, तेव्हा फुकट दिलेल्या गेमची पदरमोड जवळजवळ शून्य. उलट काउंटरवर बाचाबाची झाली की बाजूच्या लेनवरची कुटुंबं मुलांना ओढत निघून जातात, आणि कुणीतरी मोबाइल वर धरून उभा असतोच. हिशेब सरळ होता.

त्यात हे रायपूर. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड झालं आणि एका जिल्ह्याच्या गावाची राजधानी झाली. मंत्री आले, अधिकारी आले, ठेकेदार तर होतेच, आणि प्रत्येकाला एकेक ‘भैया’ मिळाला. आमच्याकडे उर्मट माणूस हात उगारत नाही. तो फोन लावतो आणि तसाच काउंटरवरच्या पोराच्या तोंडासमोर धरतो: ‘‘लो, भैया से बात करो.’’ पलीकडून आधी नुसती घरघर ऐकू येते, मग एक जड आवाज, ‘‘क्या प्रॉब्लम है?’’ हा आवाज मंत्र्याच्या पीएचा की कोपऱ्यावरच्या पानठेल्यावाल्याचा, हे कळायला काही मार्ग नसतो. सगळी ताकद त्या न कळण्यातच आहे. महिन्याचे मोजके हजार मिळवणाऱ्या पोरानं अशा वेळी काय करावं? गेम फुकट द्यावा, हेच मी शिकवलं होतं.

मालकांच्या केबिनमध्ये गांधीजींच्या नावाची ती पाटी आहे. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर, वगैरे. बँकेत, पोस्टात कुठेही दिसते. खाली बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की दक्षिण आफ्रिकेतलं भाषण, १८९०. गांधीजी १८९० साली लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेत ते गेले १८९३ ला. त्या मजकुराशी अगदी मिळताजुळता मजकूर १९४१ साली अमेरिकेतल्या स्टुडबेकर मोटार कंपनीच्या विक्रीप्रमुखाच्या नावावर छापलेला सापडतो. हे मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, कुणी का म्हणेना, बरोबर आहे ना? यावर काय बोलणार.

माझं मत बदलण्याआधी माझी व्याख्या बदलली. हुल्लड म्हणजे आवाज, असं मी धरून चाललो होतो. नौतपा लागला, म्हणजे २५ मेच्या पुढचे नऊ दिवस, की पारा पंचेचाळीसला टेकतो आणि अर्धं शहर एसी शोधत मॉलमध्ये येतं. कॉलेजची पोरं दहाच्या दहा पिना पडल्या की छत उडेल असं ओरडतात. मी गार्डला पाठवून त्यांना गप्प करायचो. आता वाटतं, ओरडायचं नाही तर बोलिंगला यायचं कशाला? आणि मी पोरांना दटावत असताना शेजारच्या लेनवर एक सभ्य दिसणारे गृहस्थ, आवाज अजिबात न चढवता, बूट देणाऱ्या मुलासमोर चुटकी वाजवून पाय पुढे करत असायचे. लेस बांध, म्हणून.

‘प्रवेशाचा अधिकार राखीव’ ही पाटी मीच लावून घेतली होती. कुणाला डोळ्यांसमोर ठेवून, तेही सांगून टाकतो. धान खरेदी आटोपली, धानाचे पैसे खात्यात जमा झाले, की जानेवारी-फेब्रुवारीत आरंग, अभनपूर, तिल्द्याकडची कुटुंबं शहरात खरेदीला येतात आणि उत्सुकतेनं वर आमच्यापर्यंत चढतात. हे लोक मशीन बिघडवतील, अशी मला धास्ती. प्रत्यक्षात चेंडूला हात लावू का, असं विचारणारं गिऱ्हाईक मी फक्त त्यांच्यातच पाहिलं. टगे त्यांच्यातही निघतात, नाही असं नाही. पण ते टगेपणा करून दमतात. बाकीच्यांसारखा फोन लावत नाहीत.

बोलिंगमध्ये बेपर्वाईचा भुर्दंड कुणाला पडतो, हे एकदा नीट बघण्यासारखं आहे. फाउल लाइनपासून पहिल्या पिनेपर्यंत लेन ६० फूट. त्यातल्या सुरुवातीच्या साधारण ४० फुटांवर तेलाचा पातळ थर असतो, चेंडू घसरत जावा म्हणून. लाइनच्या अलीकडे जिथून पावलं टाकत यायचं ती जागा मात्र कोरडी हवी, कारण शेवटचं पाऊल घसरवत थांबायचं असतं आणि आमच्या बुटांचे तळ त्याच बेतानं गुळगुळीत केलेले असतात. तिथे कुणी कोल्ड्रिंक सांडलं की साखरेनं जमीन चिकट होते. सांडणारा आपल्या सोफ्यावर जाऊन बसतो. पुढचा खेळाडू, बहुतेक वेळा कुणाची तरी आई नाहीतर दहा-बारा वर्षांची मुलगी, जोरात येते, बूट जागीच चिकटतो आणि ती चेंडूसकट तोंडावर आपटते. तसंच फाउल लाइन ओलांडून नाचणाऱ्याचं. तो तळव्याला तेल लावून परत येतो आणि पडतो दुसराच.

आणि मशीनमागचा माणूस तर कुणाला दिसतच नाही. आमची मशीन दोरीवाली आहेत. प्रत्येक पिनेच्या डोक्याला एक दोरी, मशीन सगळ्या पिना वर ओढतं आणि पुन्हा मांडतं. या दोऱ्या गुंततात. मशीन आपणहून सोडवायचा प्रयत्न करतं, नाही जमलं तर मेकॅनिक मागच्या बाजूनं येऊन हातानं सोडवतो. पिनांच्या वर जो रंगीत चित्रांचा फळा लटकलेला असतो, त्याच्यामुळे गिऱ्हाइकाला त्याचे फक्त हात दिसतात.

एका शनिवारी रात्री चार नंबरची लेन अशीच अडकली. दोन्ही बाजूंना एका कंपनीची पार्टी चालू होती. मेकॅनिक गुडघ्यांवर बसून दोऱ्या सोडवत होता. पार्टीतल्या एकानं ‘‘अरे, देख देख’’ म्हणत बंद लेनवर चेंडू सोडला. पाच किलोचा तरी असेल. तो मेकॅनिकच्या कोपराजवळच्या दोन पिना उडवून मागच्या पडद्यावर आदळला. पार्टीत हशा पिकला. वर त्यांचीच तक्रार आली, की चार नंबर कधीची बंद आहे, आमचा वेळ जातोय. मी सवयीनं सॉरी म्हणालो आणि एक गेम दिला.

मेकॅनिक पुढच्या बाजूला आला. हात पुसत होता. म्हणाला, ‘‘मोर हाथ टूट जातिस, तभो फ्री गेम देतेव का साहब?’’

त्या रात्री माझे डोळे उघडले असं लिहिलं तर वाचायला छान वाटेल, पण तसं काही झालं नाही. मी त्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी दिली आणि विषय मिटला असं समजलो. बदल घडवला तो हिशेबानं. काही दिवसांनी तीच मंडळी पुन्हा आली, आणि चेंडू सोडणारा तो गृहस्थ काउंटरवर हसत म्हणाला, ‘‘वो फ्री वाला मिलेगा ना?’’ शून्य किमतीचा म्हणून मी जो गेम वाटत होतो, त्याची किंमत तिथे माझ्या ध्यानात आली. फुकट गेम मिळाला की दंगा करणारा आपल्या टोळक्यात हिरो होतो. बघा, कसा मिळवून दिला! पुढच्या खेपेला त्यानं शांत का बसावं? मी त्याला बक्षीस देत होतो आणि त्याची वसुली काउंटरवरच्या पोरांकडून होत होती.

त्याच सुमारास मॉलमध्ये २०१३ च्या कायद्याचं प्रशिक्षण झालं, कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा तो कायदा. अशी प्रशिक्षणं आम्ही सह्या करण्यापुरतीच करतो. पण त्यात एक गोष्ट कानावर पडली. कलम १९ मध्ये मालकाची जी कर्तव्यं दिली आहेत त्यांतलं पहिलंच कर्तव्य कामाची जागा सुरक्षित ठेवण्याचं आहे, आणि त्या जागी ज्यांच्याशी संबंध येतो अशा इतर लोकांपासूनची सुरक्षितताही त्यात धरली आहे. म्हणजे गिऱ्हाइकापासूनचीसुद्धा. तिकीट काउंटरवरच्या मुलीला कुणी नंबर मागत बसलं तर ‘हसून टाळ’ हा माझा सल्ला नुसता बुळचट नव्हता, कायद्याच्याही विरुद्ध होता. मग बुटांच्या काउंटरवरच्या मुलाचं काय? त्याच्यासाठी असं कलम मला कुणी दाखवलं नाही, पण कलमाची वाट कशाला बघायची?

पुढे कधीतरी लुईस हाइननं काढलेले जुने फोटो पाहण्यात आले. अमेरिकेत बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या समितीसाठी त्यानं १९०८ नंतर ते काढले. त्यांत बोलिंगच्या अड्ड्यांवरची पोरं आहेत. मशीन येण्याआधी पिना हातानं मांडाव्या लागत, आणि ते काम लहान मुलांकडून रात्री उशिरापर्यंत करून घेत. लेनच्या टोकाला कठड्यावर पाय वर घेऊन बसायचं, चेंडू येऊन गेला की खाली उडी मारून पिना उभ्या करायच्या. आपोआप पिना मांडणारं मशीन १९४६ ला लोकांना दाखवलं गेलं आणि नंतर ती पोरं गेली. खेळणाऱ्याच्या डोळ्यांना मात्र त्या टोकाला तेव्हाही फक्त पिनाच दिसत असणार.

आता आमच्याकडे असं आहे. काउंटरच्या कॉम्प्युटरवरून कुठलीही लेन बंद करता येते. ती आधीही करता यायची, पण मला विचारल्याशिवाय नाही. आता काउंटरवर जो कुणी असेल त्यानं एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा नियम दाखवून सांगायचं, आणि तरी ऐकलं नाही तर लेन बंद. उरलेल्या गेमचे पैसे तिथल्या तिथे परत, म्हणजे पैशांवरून वाद नको. कुणी माणूस मागे असताना चेंडू टाकला तर सांगणं-बिंगणं काही नाही, सरळ बंद. पोराचा निर्णय मी गिऱ्हाइकासमोर फिरवत नाही. चुकला असेल तर नंतर आत बोलावून बोलतो, आणि चुकतातही; एकदा एका वाढदिवसाच्या पार्टीची लेन नुसत्या किंचाळण्यावरून बंद केली गेली, तेव्हा त्या मुलांच्या आयांची समजूत घालता घालता माझा घसा बसला होता.

मालकांना काळ्या टी-शर्टातले बाउन्सर हवे होते. मी विरोध केला. बाउन्सर दिसला की छाती फुगवायला निमित्त मिळतं. स्क्रीन काळी झाली की कुणाशी भांडायचं ते कळत नाही. शिवाय बाकीच्या मित्रांचाही गेम गेलेला असतो, ते त्यालाच धरतात: ‘‘तेरे चक्कर में सबका गया.’’ हिरोचा गुन्हेगार व्हायला एक बटण पुरतं.

आपल्या लोकांकडूनही ऐकून घेतलं. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळात एक काका भेटले, वडिलांच्या ओळखीचे. त्यांच्या नातवाच्या टोळक्याची लेन बंद झाली होती.

‘‘काय रे, आपल्याच पोरांची लेन बंद करून राहिले म्हणे तुझे लोक?’’

‘‘काका, चेंडू दोघांनी एकदम सोडले होते. तीनदा सांगितलं.’’

‘‘अरे पण माझं नाव सांगितलं होतं ना त्यानं?’’

सांगितलं होतं. म्हणूनच तर तिसऱ्यांदा सांगितलं, एरवी दुसऱ्यांदाच बंद झाली असती. हे मी काकांना बोललो नाही.

मालक अजून म्हणतात की नाताळ ते ३१ डिसेंबर हा नियम बाजूला ठेवू, गल्ल्याचे दिवस आहेत. मी म्हणतो, सगळ्यात जास्त दारू पिऊन येतात तेही त्याच दिवसांत. याचा निकाल लागलेला नाही.

आणि फोन. कुणाच्याही भैयाशी बोलायचं नाही, असं मी पोरांना सांगितलंय. समोर फोन धरला तर माझ्याकडे पाठवायचं. मी तो घेतो. पलीकडे घरघर ऐकू येते, मी नाव विचारतो, आणि आवाज खरोखरच ओळखीचा, वजनदार निघाला तर अजूनही मी ‘जी भैया, देखता हूँ’ म्हणतो. लेन बंदच ठेवतो, पण म्हणतो. मॅनेजरच्या पगारात तेवढं धरलेलं आहे.