केबल ताणून क्लच सुधारत नाही



आज गाडीच्या क्लचविषयी लिहितेय. विषय गॅरेजचा आहे, पण माझ्यासाठी तो चौथीच्या वर्गात येऊन थांबला.

माझ्याकडे वडिलांची जुनी छोटी गाडी आहे. मिठबावातून शाळेला मी तिनेच जाते. पावसाळा संपला आणि क्लच जड लागायला लागला. रिव्हर्स टाकताना गिअर करकरायचा. एका सकाळी चढावर गाडी थांबली आणि पहिला गिअर पडेचना. मागे गाड्यांचे हॉर्न, आणि मी हँडब्रेक ओढून घामाघूम!

क्लचचं काम तसं साधं आहे. इंजिन फिरतच असतं. गिअर बदलताना ते गिअरबॉक्सपासून क्षणभर सुटं करावं लागतं. मारुती ८००सारख्या जुन्या छोट्या गाड्यांत पेडल दाबलं की केबल ओढली जाते. ती गिअरबॉक्सबाहेरचा एक दांडा ओढते. त्याने आतला शाफ्ट फिरतो, शाफ्टवरचा फोर्क रिलीज बेअरिंगला ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्या दाबतं आणि क्लच प्लेट सुटी होते. पुष्कळ नव्या गाड्यांत केबलच्या जागी तेलाचा दाब असतो.

मला यातली फक्त केबल माहीत होती. तिच्या टोकाचा नट आवळला की चार दिवस बरे जायचे. असा तो मी तीनदा आवळला. शेवटी गॅरेज गाठलं. मिस्त्रीकाकांनी बॉनेट उघडण्याआधीच विचारलं, "बाईंनू, आवाज पाय दाबल्यार येता काय सोडल्यार?"

दाबल्यावर घरघर, सोडल्यावर गप्प. काका म्हणाले, "मगे वायर कितीय ताणा, दुखणा आत आसा."

बेअरिंगपर्यंत पोचायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. म्हणून सुट्या भागापेक्षा मेहनत मोठी. उतरवल्यावर दिसलं, की शाफ्टचे बुश झिजले होते. शाफ्ट तिरका होऊन निम्मी ओढ तिथेच वाया जात होती. आणि मी नट आवळत गेल्यामुळे पेडलची सुरुवातीची ढिलाई संपली होती. ती ढिलाई नसली की पाय वर असतानाही बेअरिंग पाकळ्यांना घासत राहतं. काकांनी ते माझ्या हातात दिलं. बोटाने फिरवलं तर वाळू भरल्यासारखं खरखरत होतं. बुश वयाने झिजले, पण बेअरिंग मी झिजवलं!

त्या रात्री मला वर्गातली एक मुलगी आठवली. ४०३ वजा १५८ चं उत्तर ती ३५५ लिहायची. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा. मी काय केलं? रोज दहा वजाबाक्या जास्त दिल्या. दोन दिवस बरं, की परत तेच. पुढे तिची आई सांगायला आली, "बाई, गणित असलं की हिचं पोट दुखतं." मी ते बहाणा समजले होते. मी तिथेही नटच आवळत होते.

दुसऱ्या दिवशी वही मिटली. तिच्यासमोर ४३ काड्या ठेवल्या: दहा-दहाचे चार गठ्ठे आणि तीन सुट्या. म्हटलं, "मला आठ काड्या दे." ती तीन काड्यांकडे बघत बसली. मीही गप्प राहिले, आणि हे सर्वांत कठीण होतं. बऱ्याच वेळाने तिने हळूच विचारलं, "बाई, गठ्ठा सोडू?"

तिचं अडलं होतं ते इथे. दशक सुटं करता येतं हे तिला कधी हाताने कळलंच नव्हतं. ४०३ पर्यंत यायला आठवडा गेला. मधलं शून्य अजून कधी कधी फसवतं, पण पोटदुखी थांबली आहे.

गाडीत नवे बुश आणि बेअरिंग बसले. पेडलला काकांनी बोटभर ढिलाई ठेवली आणि बजावलं, चालवताना क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही.

शिक्षकांनो, पालकांनो, मूल तीच चूक परत करत असेल तर आणखी दहा गणितं देण्याआधी एकदा विचारा, "हे तू कसं केलंस, सांग बरं." आणि ते सांगेपर्यंत थांबा.