सांगाड्याचं मोल

पोंभुर्णा तालुका धानाचा. इथं डिझेल इंजिन दारात येतं ते बहुधा पाण्यासाठी. पाऊस ओढला की ते बोडीवर नाहीतर नाल्यावर बसून बांधीत पाणी टाकतं. पुढं ते चक्कीला किंवा मळणीयंत्राला जुंपलं जातं आणि उतारवयात अल्टरनेटर जोडून त्याचा जनरेटर होतो. झाडीपट्टीत दिवाळीनंतर शंकरपट आणि नाटकांचा हंगाम येतो. धान निघालेल्या मोकळ्या जागेत मंडप पडतो, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि उजेड मध्येच जाऊन चालत नाही. अशा वेळी घरगुती जनरेटरची चौकशी होते ती इंजिनाच्या कंपनीची आणि हॉर्सपॉवरची. माझं म्हणणं असं, की पहिली चौकशी ज्या लोखंडी सांगाड्यावर ते इंजिन बसलं आहे त्याची व्हावी. इंजिन आणि अल्टरनेटर कारखान्यातून तयार येतात. गावातल्या कारागिराच्या हातानं घडतो तो सांगाडा, आणि यंत्राचं आयुष्य त्याच्या हातावरच ठरतं.

हे हिशेबानं पटतं. इंग्लंडमधल्या लिस्टर कंपनीच्या संथ इंजिनाचा जुना आराखडा राजकोटच्या कारखान्यांनी उचलला. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. अशी इंजिनं देशभर शेताशेतात पोचली. लिस्टर धाटणीचं एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेतं. चार टप्प्यांच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक स्फोट, म्हणजे मिनिटाला ३२५ धक्के. आठ तासांच्या रात्रीत दीड लाखाहून जास्त. शिवाय ५० सायकलची वीज हवी तर चार ध्रुवांच्या अल्टरनेटरला मिनिटाला १५०० फेरे लागतात, म्हणून मोठ्या पुलीवरून लहान पुलीवर पट्टा घालून वेग सव्वादोन पटीहून अधिक वाढवावा लागतो. या दोन पुल्या एका रेषेत ठेवण्याचं काम सांगाड्याशिवाय दुसरं कोण करणार? तो किंचित पिळला तरी पट्टा एका कडेनं झिजतो, बेअरिंग तापतं, बोल्ट सैल होतात. दोष मात्र इंजिनाच्या माथी बसतो.

म्हणून जाणता वेल्डर घाई करत नाही. इंजिनाखाली चॅनल, बाकी ठिकाणी अँगल. कापलेले तुकडे गुण्यात धरून आधी फक्त टाके मारायचे, कर्ण मोजून चौकट काटकोनात आहे याची खात्री करायची आणि मगच पूर्ण वेल्डिंग करायचं, तेही समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून. एकाच बाजूनं वेल्ड ओढत नेलं तर थंड होताना लोखंड आकसतं आणि सांगाडा त्या बाजूला वळतो. भेगा बहुधा कोपऱ्यात सुरू होतात. तिथं त्रिकोणी पत्रा आणि तिरपा आधार द्यायचा. अल्टरनेटरच्या पायांना गोल भोकांऐवजी लांबट खाचा ठेवायच्या, म्हणजे सैलावलेला पट्टा ताणता येतो.

रंग ही नुसती शोभा आहे, धंदेवाल्याचा दिखावा आहे, असा आक्षेप येईल. पण या भागातला दमदार पावसाळा, पुढं हिवाळ्यातलं दव आणि यंत्राचा उघड्यावरचा मुक्काम यांपुढं कोरं लोखंड फार दिवस तगत नाही. रंगाआधी वेल्डवरची खपली झाडली नाही, तेलकटपणा पुसला नाही, गंज तारेच्या ब्रशानं काढला नाही, तर वरचा चकचकीत ऑइल पेंट आत चाललेलं सडणं फक्त झाकून ठेवतो. साफ केलेल्या लोखंडावर रेड ऑक्साइड त्याच दिवशी, दव पडायच्या आत लागावा. कडांवर रंग पातळ बसतो, म्हणून तिथं ब्रश आधी फिरवावा. वरचा हात फिकट रंगाचा असावा. त्यावर गळलेलं तेल लगेच दिसतं आणि केसाएवढ्या भेगेतून आलेली गंजाची रेघही नजरेत भरते. रंगाची जाण तो कुठं लावू नये यातही कळते: अर्थिंगच्या बोल्टाखाली लोखंड उघडंच हवं, नाहीतर तार जोडूनही सांगाडा जमिनीला नीट जोडलेला राहत नाही, आणि हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. ज्या जिल्ह्यात २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, तिथं घरगुती जनरेटर हवाच कशाला? त्यात धूर आणि आवाज. कारखान्याच्या जनरेटरला २००५ पासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. उघड्या इंजिनाला ती पाळणं शक्य नाही. हे मला मान्य आहे. असं यंत्र दवाखान्याजवळ, वस्तीत किंवा बंद खोलीत चालवूच नये. बंद जागेतला धूर जीव घेतो. पण वीज तयार होणं वेगळं आणि वादळात फांद्या पडणाऱ्या तारांवरून ती जंगलातल्या गावात पोचणं वेगळं. सौर ऊर्जा वाढते आहे, ती वाढावीच. तरी सौर पॅनेलचा स्टँडसुद्धा वेल्ड केलेला, रंगवलेला, पावसात उभा राहणारा सांगाडाच असतो. डिझेल उद्या गेलं तरी ही विद्या कामाची राहील, आणि म्हणूनच तिला हलकं लेखणं परवडणारं नाही.

आयटीआयमध्ये वेल्डर आणि डिझेल मेकॅनिक हे ट्रेड वेगवेगळे शिकवले जातात. दोन्हीकडच्या मुलांकडून एक सांगाडा मिळून बांधून, रंगवून, रात्रभर चालवून घ्यावा. आणि जनरेटर विकत घेणाऱ्यानं किंवा भाड्यानं आणणाऱ्यानं इंजिन सुरू करायला सांगण्याआधी खाली वाकून कोपरे, पट्ट्याची रेषा आणि अर्थिंगचा बोल्ट बघावा. ते नीट असेल तर बांधणाऱ्याच्या मजुरीत घासाघीस करू नये.