तुमचं गाव कुठलं?

शुक्रवारी रात्री ताईचा फोन आला तेव्हा मी रिलीजमध्ये अडकलो होतो. (शुक्रवारी रिलीज करू नये हे आमच्या ऑफिसखालच्या चहावाल्यालाही माहीत आहे. तरी आम्ही करतो. असो.)

"उद्या येलालास का?"

"कुठं?"

"कुठं म्हंजे? नांदेडला! प्रदर्शन आहे म्हणून महिनाभर ओरडायलेय मी."

आता यातली गंमत मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना कळायची नाही, म्हणून सांगतो. "येलालास" हे आमचं लातूरचं. "ओरडायलेय" हे नांदेडचं. लातूरचा माणूस करलालो, जालालो म्हणतो, नांदेडचा करायलो, जायलो. मधे फक्त अहमदपूर आणि लोहा. ताईच्या लग्नाला आठ वर्षं झाली आणि तिच्या बोलण्यात आता दोन्ही जिल्हे नांदतात. तिला ते कळत नाही, मलाच कळतं.

तर रात्री अकराची ट्रॅव्हल्स पकडली. पहाटे लातूर आलं. गाडी पाच-दहा मिनिटं थांबली, चार माणसं उतरली. पडदा सरकवून पाहिलं, सवयीनं मनात आलं, "आलं आपलं गाव". आणि परत झोपलो. हे "आपलं गाव" मी किती सहज म्हणतो, हा विचार त्या वेळी डोक्यात आला नव्हता. तो दुपारी आला.

प्रदर्शन सात बायकांचं होतं. तिघी शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या (ताई त्यातलीच), एक ब्युटी पार्लर चालवणारी, एक बँकेतली, दोघी घर सांभाळणाऱ्या. विषय, "माझं शहर". एका क्लासवाल्यांनी सुट्टीत दोन दिवसांसाठी हॉल दिला होता. एका भिंतीवर पिरियॉडिक टेबल तसंच होतं, त्याच्या शेजारी जलरंगातली गोदावरी. नांदेड आणि लातूर ही दोन्ही क्लासेसची गावं, त्यामुळे ते कुणाला खटकलंही नाही.

आमच्याकडे चित्रकलेचा हिशोब साधा असतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएट द्यायची, दहावीला त्याचे वाढीव मार्क घ्यायचे, आणि रंगपेटी माळ्यावर टाकायची. मग लातूर पॅटर्न. मी तसंच केलं आणि इंजिनियर झालो. ताईनं रंगपेटी माळ्यावर टाकली नाही. घरात चार महिने धुसफूस चालली, शेवटी "मुलीच्या जातीला मास्तरकी बरी" या मुद्द्यावर तिला एटीडी करू दिलं. म्हणजे परवानगी मिळाली ती चुकीच्या कारणासाठी, पण मिळाली.

चित्रांकडे वळतो. गुरुद्वारा होताच, नांदेडमधे तो असणारच. पण सचखंडचं ते ओळखीचं पोस्टकार्डासारखं दृश्य नव्हतं. लंगरमधे पोळ्या लाटणाऱ्या बायकांचे नुसते हात होते, वीस-पंचवीस हात. एकीनं स्कूटीच्या आरशात दिसणारा वजिराबादचा रस्ता काढला होता. एकीनं गच्चीवरून दिसणाऱ्या पाण्याच्या टाक्या, काळ्या आणि पांढऱ्या, पार नदीपर्यंत. एक चित्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून होतं, खिडकीच्या गजांसकट.

दोन चकरा झाल्यावर लक्षात आलं की भर चौकात उभं राहून काढलेलं असं एकही चित्र नाही. सगळं कुठून तरी, कशाच्या तरी आडून. मी ते बँकेतल्या मावशींना बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "बाई चौकात दोन तास वही घेऊन बसली तर गर्दी चित्राभोवती जमंल की तिच्याभोवती?" मी गप्प.

एका चित्रासमोर मात्र बराच वेळ थांबलो. काढणारी किल्लारीच्या बाजूच्या एका पुनर्वसित गावची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ती चार वर्षांची. पुढं सरकारनं आखून दिलेल्या सरळ रस्त्यांच्या, एकसारख्या घरांच्या नव्या गावात वाढली. तिनं काढलेलं मात्र जुनं गाव होतं. दगड-मातीच्या जाड भिंती, अरुंद बोळ, वाडे. त्याच भिंतींनी त्या रात्री माणसं गाडली. तिला ते गाव आठवत नाही. आईनं सांगत जायचं आणि हिनं काढत जायचं, असं ते चित्र झालं. विषय शहराचा होता, हे तर नसलेलं गाव. पण कुणी हरकत घेतली नाही.

हरकत दुसऱ्याच गोष्टीवरून झाली होती. ताईनं चहा पिताना सांगितलं. चित्रांखाली लावायच्या चिठ्ठ्या छापायच्या होत्या. नाव, शिक्षण, गाव. आता गाव म्हणजे कुठलं? सातजणींपैकी नांदेडात जन्मलेल्या फक्त दोघी. बाकीच्या उदगीर, परभणी, लातूर, किल्लारीकडची, भोकर. लग्न होऊन आलेल्या. आधारवर नांदेड, रेशनकार्डावर नांदेड, मनात भलतंच. तासभर वाद झाला आणि शेवटी त्यांनी "गाव" हा रकानाच काढून टाकला. (आमच्या भाषेत, फील्ड मँडेटरी होतं, ते डिप्रिकेट केलं.)

संध्याकाळी त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंनी एका जुन्या प्रदर्शनाबद्दल छोटंसं भाषण केलं. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. रात्री वाचत बसलो.

"थ्रू द लुकिंग ग्लास" हे त्या प्रदर्शनाचं नाव. नलिनी मलानी, माधवी पारेख, नीलिमा शेख आणि अर्पिता सिंग या चौघींचं. १९८७ ते १९८९ या काळात ते देशात ठिकठिकाणी फिरलं. त्याचं मूळ १९७९ मधलं. त्या वर्षी मलानींनी न्यूयॉर्कमधे स्त्री-चित्रकारांनी स्वतः चालवलेली ए.आय.आर. ही गॅलरी पाहिली आणि आपल्याकडेही असं काही व्हावं असं त्यांच्या मनात आलं. मनात आल्यापासून भिंतीवर चित्रं लागेपर्यंत आठ वर्षं गेली. आमच्याकडे एखादा प्रोजेक्ट आठ महिने रखडला तर मॅनेजर बदलतात.

पण मला खरा धक्का बसला तो चौघींचे जन्मगाव आणि राहण्याचं गाव एकाखाली एक लिहिल्यावर. (सवय, दुसरं काय. काहीही वाचलं की मनात टेबल तयार होतं.) मलानी १९४६ ला कराचीत जन्मल्या, फाळणीत घर सुटलं, आधी कोलकाता, मग मुंबई. अर्पिता सिंग बंगालमधल्या बारानगरच्या, आयुष्य दिल्लीत. नीलिमा शेख दिल्लीच्या, आयुष्य बडोद्यात. माधवी पारेख गुजरातमधल्या संजाया नावाच्या खेड्यातल्या, लग्नानंतर शहरं बदलत दिल्लीला. चारही ओळींत दोन्ही रकाने वेगळे!

आणि चित्रं? माधवी पारेख कुठल्याच आर्ट स्कूलमधे गेल्या नाहीत, नवऱ्याच्या प्रोत्साहनानं घरीच शिकल्या, आणि मोठ्या शहरात राहून लहानपणचं खेडं रंगवत राहिल्या. मलानींचा स्टुडिओ मुंबईच्या लोहार चाळीत होता. विजेच्या सामानाचा घाऊक बाजार, हमाल, हातगाड्या, गर्दी. ती माणसं त्यांच्या चित्रांत आली. १९९२ ला त्यांनी "सिटी ऑफ डिझायर्स" या नावानं मुंबईच्या केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवरच थेट चित्रं काढली, ती पंधरा दिवस लोकांना पाहू दिली आणि मग भिंतींना पांढरा रंग फासून पुसून टाकली. जन्मगाव वर्षभराची असताना सुटलं आणि नंतरच्या शहराचं चित्र आपल्याच संमतीनं पुसलं. मी यावर फार वेळ विचार करत बसलो होतो.

नीलिमा शेख यांची १९८४ ची "व्हेन चंपा ग्रू अप" ही बारा छोट्या चित्रांची मालिका आहे. ओळखीतली, आजूबाजूला वाढलेली एक मुलगी. तिचं मोकळं बालपण, लवकर झालेलं लग्न, सासर, छळ, आणि जळून मृत्यू. म्हणजे बाईचं गाव बदलणं ही दरवेळी नुसती भाषेतली गंमत नसते.

आता ताईच्या चित्रांकडे येतो. मुद्दाम मागे ठेवली होती.

दोन होती आणि दोन्ही लातूरची. पहिलं गंजगोलाई. १९१७ सालची ती गोल इमारत, मधे अंबाबाईचं देऊळ आणि चहूकडे फुटणारे सोळा रस्ते. सराफा, चपला, मिरच्या, गूळ, प्रत्येक मालाची आपली आपली गल्ली. ताईनं ती वरून काढली होती, एखाद्या चाकासारखी.

दुसरं २०१६ च्या उन्हाळ्याचं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्यावरून भांडणं नकोत म्हणून शहरात जमावबंदी लागली होती आणि एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. जलदूत. पहिल्या गाडीला दहा टँकर होते, पाच लाख लिटर पाणी. चित्रात मात्र रेल्वे नव्हती. आमची गल्ली, रात्रीचे दोन, टँकरची वाट पाहणाऱ्या बायका, आणि बायकांपेक्षा जास्त घागरी. एका घागरीवर खडूनं आमचं आडनाव.

त्या उन्हाळ्यात मी पुण्यात फर्स्ट इयरला होतो. जलदूतची बातमी मोबाईलवर पाहिली होती आणि हॉस्टेलात मित्रांना ऐटीत सांगितलं होतं, "हे आमचं गाव." त्यानंतर शॉवर घेतला असणार. घागर ताईनं भरली. तो तिचा लग्नाआधीचा शेवटचा उन्हाळा. आज मी दहा वर्षं लातूरबाहेर आहे तरी ऑफिसात सगळे मला "लातूरचा" म्हणतात. तिनं ते पाणी डोक्यावरून वाहिलं आणि ती नांदेडची झाली. तिची खोली आता माझी वर्क फ्रॉम होमची खोली आहे. दिवाळीला ताई आली की पाहुण्यांच्या गादीवर झोपते. हे मी आठ वर्षं पाहतोय. दिसलं मात्र परवा.

आणि नेमक्या त्याच वेळी ताईच्या सासूबाई आल्या. दोन्ही चित्रं पाहिली, चष्मा पुसून परत पाहिली आणि म्हणाल्या, "आमच्या नांदेडचं एक बी नाही काढलंस?"

आवाजात राग नव्हता. पण हॉलमधे शांतता झाली. दाजी फोनमधे बघायला लागले. ताई हसली आणि "पुढच्या वेळी काढते आई" म्हणाली.

रात्री जेवणं झाल्यावर मी तिला विचारलं, खरंच का नाही काढलंस?

"चारदा बसले रे. नगिना घाट काढायलेय, काढायलेय, आणि नदी झाली की हात थांबतो. वाटतं, कुणाचं तरी विचारल्याशिवाय वापरलालेय." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि गोलाई काढली तर तीही खोटीच. मधल्या काळात काय काय बदललं मला ठाऊक नाही. आता मी तिथली बी नाही, इथली बी नाही." हे ती रडत वगैरे बोलली नाही. भांडी लावता लावता बोलली.

रविवारी दुपारी हॉल रिकामा होत आला होता. सासूबाई परत आल्या, यावेळी एकट्या, रिक्षानं. थेट गोलाईच्या चित्रासमोर गेल्या आणि एका रस्त्यावर बोट ठेवलं. "इथं बांगड्या भरल्या होत्या मी एकदा. लग्नाच्या आधी, आमच्या दादासंगं आले होते."

मग ताईकडे न बघताच विचारलं, "तुला कंधार काढता येतंय का?"

कंधार त्यांचं माहेर. नांदेडपासून पन्नासेक किलोमीटर. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं गाव, भुईकोट किल्ला, मोठा तलाव. लग्न होऊन त्यांना चाळीसहून जास्त वर्षं झाली. या चाळीस वर्षांत त्यांचं गाव कुठलं हे त्यांना बहुतेक कुणी विचारलं नसावं. मी तर नाहीच. मी त्यांना नांदेडच्याच समजत होतो.

"किल्ला नको," त्या म्हणाल्या, "किल्ला समदेच काढतेत. आमच्या घरापासून तळ्याकडं जायची वाट होती. मी सांगते, तू काढ."

ताईनं बॅगेतून वही काढली. क्लासच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या. सासूबाई हवेत बोटानं वळण दाखवत होत्या, "इथं चिंच... नाही नाही, अजून अलीकडं," आणि ताई खोडत होती, परत काढत होती. मी आणि दाजी भिंतीवरची चित्रं उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळत होतो. पिरियॉडिक टेबल तिथंच राहिलं.

रात्रीची गाडी पकडली. सोमवारी ऑफिसात नवीन पोर्टलवर प्रोफाईल भरायचं होतं. त्यात "नेटिव्ह प्लेस" असा रकाना आला. नेहमीसारखं लातूर टाईप केलं, एक सेकंदही लागला नाही.

तेवढ्यात ताईचा व्हॉट्सॅपवर फोटो आला. कंधारची वाट. खाली लिहिलं होतं, "अजून करलालेय. आई म्हणायल्यात चिंच चुकली."