पथारी

बीड,
भाऊबीज, २०२३

चि. बापू,


संध्याकाळी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. बीजेची कोर बारीक असते, बुडायच्या आत गाठावी लागते. मग तुला फोन केला, तर नेहमीप्रमाणं तूच माझी चौकशी करत बसलास. कुठं झोपतोस विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं, "आडवं व्हायला जागा आहे, आक्का." राखीव दलात भरती झाल्यापासून हे एकच वाक्य ऐकते आहे. या पंधरवड्यात त्याचा अर्थ डोळ्यांनी पाहिला. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहिते.

३० ऑक्टोबरच्या सोमवारी इथं काय झालं ते तुला माहीत आहे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचं घर पेटवलं, नगरपरिषद जाळली. बीडमध्ये संदीप क्षीरसागर यांचं घर जळालं. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं आणि बाहेरून राखीव दलाच्या तुकड्या आल्या. त्यातल्या एका तुकडीसाठी आमची शाळा उघडून द्यायचा निरोप मला आला. किल्ल्या माझ्याकडं असतात.

मी गेले तेव्हा पोरं बाकं उचलून व्हरांड्यात रचत होती. पोरंच म्हणते, बहुतेक तुझ्याच वयाची. त्यांच्यातल्या वयस्क हवालदारानं आधी सगळ्या खोल्या फिरून दारं, कड्या, खिडक्यांचे गज हलवून पाहिले. सर्वांत मजबूत खोली त्यानं बंदुकांसाठी काढली आणि तिथं लगेच पहारा बसवला. त्याला मी नावं ठेवत नाही. हत्यार एक रात्र जरी उघड्यावर राहिलं तरी केवढा अनर्थ, हे तूच मला सांगितलं होतंस. पण माणसांसाठी अशी खोली शोधत कुणी फिरलं नाही. उरलेल्या वर्गांत डोकी मोजून वाटणी झाली. भिंतीकडेनं काळ्या ट्रंका, मध्ये सतरंज्या, एकाची उशी दुसऱ्याच्या पायाशी. चौथीच्या वर्गात आमची बत्तीस लेकरं बसतात, तिथं बावीस जवान झोपले. फळ्यावर मी लिहिलेल्या सुविचाराच्या खाली खडूनं पाळ्यांची यादी आली.

एक गोष्ट मला आधीच सुचायला हवी होती. आमची स्वच्छतागृहं सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या मापाची आहेत. भांडी लहान, दारं छातीपर्यंत, नळ गुडघ्याला. छपरावरची टाकी हजार लिटरची, ती सकाळी सातलाच रिकामी व्हायची. दिवसभर हेल्मेट घालून, ढाल धरून उभे राहिलेले मोठे पुरुष तिथं रांग लावून, नजर चुकवत उभे असायचे. मी टँकरसाठी चार जणांना फोन केले. तिसऱ्या दिवशी पाणी आलं.

सर्वांत वाईट हाल रात्रपाळीवाल्यांचे. ते सकाळी परतायचे तेव्हा खिडक्यांतून ऊन आत आलेलं असायचं. शाळेच्या खिडक्यांना पडदे कशाला असतील? कुणी लुंगी लावायचा, कुणी वर्तमानपत्र चिकटवायचा. शेजारी दिवसपाळीवाल्यांची आवराआवर, भांड्यांचा आवाज, मध्येच शिट्टी आणि फॉलइन. डोळा लागतो न लागतो तोच कुठंतरी जमाव जमल्याची खबर यायची आणि सगळी गाडीत. एक मुलगा बूट घालूनच भिंतीला टेकून झोपलेला पाहिला. डास त्याच्या कपाळावर बसले होते आणि हात हलवण्याइतकीही जाग त्याला नव्हती. मला तू आठवलास, पण आत्ताचा नाही. साखर कारखान्यावरचा, ऊसतोडीला गेलो होतो तेव्हाचा.

तुला आठवतं का? तू चार वर्षांचा असशील. कोपीत खाली पाचट, त्यावर आईची वाकळ, मध्ये तू, कडेला मी. कोयता घेऊन आई-दादा पहाटे तीनला उठून फडात जायचे आणि तू थंडीनं माझ्या पोटाशी शिरायचास. पाचट बोचतं म्हणून रडायचास. दादा म्हणायचे, "माझं लेकरू खाटेवर झोपंल." पुढं मला आजीपाशी ठेवलं म्हणून माझी शाळा झाली आणि तू भरतीसाठी पळायला लागलास. आपल्या जिल्ह्यात किती पोरं याच एका आशेवर पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात! या आठवड्यातही आमच्या गावातून ट्रॅक्टर निघाले, वर भांडी, शेळी, लेकरं. तू कोपीतून सुटलास असं मला वाटत होतं. आता वाटतं, फक्त पाचटाच्या जागी फरशी आली.

ही नुसती बहिणीची माया म्हणून सोडून देऊ नकोस. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक अभ्यास मांडला होता. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं ढासळतं, चोवीस तासांनंतर ०.१० टक्क्यांइतकं. आपल्या कायद्यात ०.०३ टक्क्यांच्या वर गाडी चालवणं गुन्हा आहे. मग दोन रात्रींचं जागरण झालेल्या पोराच्या हातात काठी देऊन त्याला चिडलेल्या जमावापुढं उभं करायचं? समोर दगड घेतलेला मुलगाही आपल्याच जिल्ह्यातला, कदाचित माझाच जुना विद्यार्थी. मारायचं की थांबायचं, हे त्या एका क्षणी ठरतं. तो क्षण नीट जाण्यासाठी आदल्या रात्रीची झोप लागते. म्हणून मी झोपेला सवलत मानत नाही. तो बंदोबस्ताचाच भाग आहे.

मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली, ती रवींद्र पाटील या शिपायानं मांडलेल्या योजनेवरून. आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी त्याचं ऐकलं. वर बसलेल्यानं खालच्याचं ऐकलं की असं होतं. बंदोबस्तावर गेलेल्यांना मात्र ते घड्याळ लागू पडत नाही, हे मी पाहिलं.

२०२० च्या उन्हाळ्यात मालेगावच्या बंदोबस्तावरून परतलेल्या जवानांना जालन्यात आणि हिंगोलीत करोनाची लागण निघाली होती. तेव्हा मी रोज आकडे वाचून तुझ्यासाठी देव पाण्यात ठेवले होते. पथारीला पथारी किती चिकटलेली असते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

श्रीमंत देशांतही हेच घडतं म्हणून मन घट्ट करायचं का? जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत नव्या अध्यक्षांच्या शपथविधीला पंचवीस हजारांच्या आसपास नॅशनल गार्ड वॉशिंग्टनमध्ये आणले. सोहळा झाल्यावर त्यांतले कित्येक जण वाहनतळाच्या फरशीवर झोपलेले फोटो निघाले. लोक संतापले आणि त्याच रात्री त्यांना परत संसदेच्या इमारतीत घ्यावं लागलं. त्याच देशाच्या घटनेत १७९१ पासून कलम आहे की शांततेच्या काळात मालकाच्या संमतीशिवाय कुणाच्या घरात सैनिक उतरवायचा नाही. नागरिकाच्या घराचा विचार सव्वादोनशे वर्षांपूर्वी झाला, शिपायाच्या अंथरुणाचा राहून गेला.

आपल्याकडं हा विचार त्याहून जुना आहे. चिपळूणच्या छावणीला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र मी दरवर्षी वर्गात समजावून सांगते. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच पत्रात पावसाळाभर दाणावैरण कशी पुरवायची आणि दिवा तसाच ठेवून झोपलात तर उंदीर पेटती वात गवतात नेईल, इथपर्यंत काळजी आहे. फौजेला रात्री नीट ठेवलं नाही, तर ती दिवसा रयतेच्या दारात जाते, हे त्या लिहिणाऱ्याला कळत होतं.

आणि शाळा हा उपाय नाही, हेही मी शिक्षक म्हणून सांगते. छत्तीसगडमधल्या सुरक्षा दलांना शाळा रिकाम्या करायला सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगितलं. तिथली परिस्थिती वेगळी, मान्य. पण वर्ग उघडल्यावर आमच्या दुसरीतल्या मुलीनं विचारलं, "बाई, बंदुकीची खोली कुठली?" ती अजून त्या दारासमोरून पळत जाते. तुकडीला नंतर मंगल कार्यालयात हलवलं. तुळशीचं लग्न झालं की कार्यालयांच्या तारखा लागतात, मग पुन्हा कुठं?

आपल्या जिल्ह्याला बंदोबस्त काही नवा नाही. परळीची महाशिवरात्र, सावरगावचा दसरा मेळावा, आंदोलनं, आणि येत्या उन्हाळ्यात लोकसभा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी झोपून दाखवावं कुणीही. मतदान यंत्रांसाठी कायमचं गोदाम असतं, तसं प्रत्येक तालुक्याला माणसांसाठी एक घर का नको? शंभर खाटा, मच्छरदाण्या, मोठ्या माणसांची न्हाणीघरं, पाणी, रात्रपाळीवाल्यांना एक अंधारी खोली, आणि महिला शिपायांसाठी आतून कडी लागणारी वेगळी सोय. बंदोबस्त नसेल तेव्हा भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना तिथं राहू द्यावं. मी तसा अर्ज लिहायला घेतला आहे. तुला अडचण नको म्हणून तुझं नाव कुठंही घालणार नाही. पण खाटेची लांबी-रुंदी, किती माणसांमागं किती नळ, हे तूच नीट सांगू शकशील. कागदावर लिहून पाठव, फोनवर नको.

आईच्या दोन जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली आहे. फरशीचा गारठा अडावा म्हणून खालच्या बाजूला घोंगडीचा तुकडा घातला आहे. ट्रंकेत किती जागा उरते ते वितीनं मोजून कळव. जास्त जाड होत असेल तर एक पदर उसवून देईन.

तुझी,
आक्का