भिंतीबाहेरचा कोनाडा

दगडमातीच्या घरात कोनाडा नंतर बसवत नसत. भिंत रचतानाच तेवढी जागा सोडलेली असे. हात-दीड हात जाडीच्या त्या भिंतीच्या पोटात दिवा, साबणाची वडी, मंजनाची डबी सगळं मावायचं. आता फ्लॅटमधल्या न्हाणीघराची भिंत बहुधा अर्ध्या विटेची, जेमतेम ४ इंचांची. पोटात घ्यायला तिच्याकडे जागा नाही, म्हणून आपण तिच्या अंगावर कपाट टांगतो. हे काम घाईत उरकणारा माणूस मला बघवत नाही.

कारण ही भिंत वरून कोरी दिसली तरी आतून कोरी नसते. नळापासून वर शॉवरकडे, गीझरकडे टाइलच्या मागून पाइप गेलेले असतात. नळाच्या वरच्या त्या उभ्या पट्ट्यात भोक पाडूच नये. टाइल लागण्याआधी कुणी भिंतीचा फोटो काढून ठेवला असेल, तर त्याचे उपकार मानावेत. मग बोटाच्या पेरानं टाइल वाजवून पाहावी. बद्द आवाज आला की समजावं, मागे मसाला भरलेला नाही. स्क्रू आवळताना तिथेच तडा जायचा.

पाणसळ लावून खुणा कराव्यात, खुणेवर मास्किंग टेप चिकटवावी म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचं हॅमर बंद आणि हात हलका. पुढे मशीनचा सूर बदलतो, भुकटीही बदलते: सिमेंटची करडी, मग विटेची लाल. ती लाल भुकटी दिसली की मला फार बरं वाटतं. इथे गिट्टी घट्ट धरणार. सिपोरेक्सचा ब्लॉक ठिसूळ, त्यात आखूड गिट्टी नुसती फिरत राहते. तिथे लांब नायलॉनचीच हवी. भोकात थोडं सिलिकॉन भरावं, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. ओल कुणाला सोडत नाही.

उंची मात्र मिस्त्रीला ठरवू देऊ नये. घरातल्या प्रत्येकाला भिंतीपाशी उभं करून हात सहज कुठवर जातो ते पेन्सिलीनं टिपावं. आईचा खांदा आखडलेला असेल, तर खालचा खण तिच्या खुणेवर यावा. तेल, फणी, दाढीचं सामान कुठेही चालेल. औषधं तेवढी इथे नकोत. रोजच्या वाफेनं गोळ्या दमट होतात.