पप्पांचा रेझ्युमे

नोकरी शोधायची वेळ खरं तर माझी यायची होती. पण पप्पांची आधी आली.

पाचवी सेम चालू होती. होस्टेलवर सगळ्यांचं एकच चाललेलं, प्रोफाइल बनवा, टाय घातलेला फोटो टाका (टाय एकच, रूम नंबर १४ मधला, सगळ्या विंगने वापरलेला!) आणि खाली ‘हार्डवर्किंग अँड सिन्सिअर’ लिहा. मीपण नोकरी डॉट कॉमवर खातं उघडलं होतं. एकूण अनुभव : शून्य वर्षं, शून्य महिने. त्याच आठवड्यात मम्मीचा फोन आला. सातपूरला पप्पा ज्या कंपनीत होते, तिने टूल रूम बंद करायचं ठरवलं होतं. डाय आता बाहेरून करून घेणार. पप्पांना दोन महिन्यांचा पगार आणि नमस्कार.

पप्पा डायमेकर. आय.टी.आय. झाल्यावर त्यांनी नोकरी शोधली ती सायकलवर. एम.आय.डी.सी.त गेटागेटावर पाट्या असायच्या, ‘पाहिजेत – फिटर, टर्नर, ग्राइंडर’. त्या वाचत जायचं, वॉचमनला विचारायचं, आत जाऊन जॉब करून दाखवायचा. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्डही होतं. तिथून एकदाही कॉल आला नाही, पण कार्ड अजून कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे.

आता या साइटी म्हणजे तरी काय, तर गेटावरच्या पाट्या एका जागी आणलेल्या. संजीव बिखचंदानींच्या लक्षात आलं होतं की ऑफिसातले लोक ‘बिझनेस इंडिया’ पाक्षिक मागून उघडतात, कारण नोकऱ्यांच्या जाहिराती मागे असतात. नोकरी सोडायची नसली तरी बघतात! त्यातून १९९७ साली नोकरी डॉट कॉम सुरू झालं, तेही वर्तमानपत्रांतल्या जाहिराती टाइप करून. मॉन्स्टर आपल्याकडे २००१ मध्ये आलं, २०२२ मध्ये त्याचं फाउंडइट झालं. सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ चं. हे सगळं मी पप्पांना दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, “बरं. मग अर्ज कुठे लिहायचा?”

बसलो दोघं. मी टाइप करणार, ते सांगणार.

“पप्पा, तुमची स्किल्स सांगा.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्हाला काय काय येतं?”

“अगं, काम येतं.”

आता हे इंग्लिशमध्ये कसं लिहायचं? माझी शाळा कॉन्व्हेंट. फी पप्पांच्या ओव्हरटाइममधून गेली. वर्गात मराठी बोललं की दंड असायचा, तोही त्यांनीच भरला. (माझ्या शुद्धलेखनाबद्दल संपादकांनी तक्रार करू नये, कारण वर दिलं आहे.) एवढं इंग्लिश शिकून पप्पांच्या सव्वीस वर्षांचं मी केलं काय? ‘एक्स्पीरियन्स्ड टूल रूम प्रोफेशनल विथ गुड कम्युनिकेशन स्किल्स.’ पप्पा दिवसभरात वीस वाक्यं बोलत नाहीत!

तीन आठवडे एकही फोन नाही. पप्पा रोज संध्याकाळी विचारायचे, “आज काही?” मग विचारायचे बंद झाले. ते जास्त वाईट होतं.

मग मी उलटं केलं. पप्पांना नोकरी शोधायची सोडून, पप्पांसारखा माणूस ज्यांना हवाय त्यांच्या जाहिराती वाचायला लागले. पुणे, चाकण, वाळूज, अंबड, जवळजवळ तीस जाहिराती. आणि लक्षात आलं की ‘टूल रूम प्रोफेशनल’ कोणीच मागत नाही. ते मागतात प्रोग्रेसिव्ह डाय, डाय मेंटेनन्स, टूल करेक्शन. समोर बसलेला एच.आर.वाला हेच शब्द टाकून शोधतो. ते शब्द आपल्या प्रोफाइलमध्ये नसतील तर आपण त्याला दिसतच नाही, मग हातात कितीही कला असो. फोन करून विचारलं, “पप्पा, तुम्ही प्रोग्रेसिव्ह टूल केलंय कधी?”

पलीकडे जरा शांतता. “मग मी इतकी वर्षं काय करतोय, बाळा?”

मला माहीतच नव्हतं. मेकॅनिकलला आहे मी!

त्या रात्री ते तासभर बोलले. पंच आणि डायमधला क्लिअरन्स पत्र्याच्या जाडीवर कसा ठरतो, बर कुठल्या बाजूला आली की काय चुकलंय ते कसं ओळखायचं. मी लिहून घेतलं. पुढच्या सेमिस्टरच्या व्हायव्हाला त्यातलंच एक उत्तर दिलं, ते वेगळं. प्रोफाइल ताजं असलं की वर दिसतं, म्हणून रोज रात्री मी त्यात एक पूर्णविराम घालायचे आणि दुसऱ्या दिवशी काढायचे.

फोन यायला लागले. पहिलाच खोटा होता. ‘मोठ्या मोटार कंपनीत निवड झाली आहे, इंटरव्ह्यू नाही, फक्त मेडिकल आणि गणवेशाचे २,३५० रुपये भरा.’ पप्पांनी मोबाइलवरून भरले. मग गेटपासचे पाच हजार मागितले, तेव्हा मला विचारलं. नोकरी देताना पैसे मागतात ते चोर, हे फर्स्ट इयरपासून आम्हाला पाठ आहे. त्यांना सांगायचं माझ्याकडूनच राहिलं. १९३० वर तक्रार केली, पैसे काही परत आले नाहीत. पप्पा एवढंच म्हणाले, “लेटरवर शिक्का होता गं.” मी त्यांना प्रोफाइल करून दिलं, पासवर्ड करून दिला आणि गर्दीत एकटं सोडून दिलं, असं मला वाटलं. अजून वाटतं.

जानेवारीत चाकणच्या एका छोट्या प्रेस शॉपचा फोन आला. त्यांनी पैसे मागितले नाहीत, येऊन जॉब करून दाखवा म्हणाले. पप्पा खूश! हे त्यांना कळत होतं. पगार आधीपेक्षा चार हजारांनी कमी, पण घेतलं.

आता पप्पा चाकणला चार पोरांबरोबर एका खोलीत राहतात. सगळे पंचविशीच्या आतले. रविवारी मला फोन येतो. डब्यात रोज बटाटा असतो, बाथरूमला सकाळी रांग लागते, कोणीतरी त्यांचा साबण वापरतं. परवा विचारत होते, “तुमच्याकडे दोरीवरचे मोजे जातात का गं?”

“रोज जातात, पप्पा. नाव घालून ठेवा.”