उभ्या मोटारीचं बेअरिंग

दिंद्रुडचे आमचे मामू साखर कारखान्यात फिटर. गाळप संपलं की मोठ्या मोटारी दिवाळीपर्यंत गप्प; मामू मात्र दर आठवड्याला त्यांचे शाफ्ट हाताने फिरवतात आणि दर वेळी निराळ्या जागी थांबवतात. मी विचारलं, "चालतच नाही, तर झिजेल कशी?"

"बेटा, उभ्या मोटारीचे छर्रे एकाच जागी टेकतात. तिथलं ग्रीस सरकतं. शेजारचं मशीन हादरलं की कड्यावर खड्डे पडतात. मग सुरू झाली की ओरडते."

ग्रीसही मोजूनच. ठासून भरलं तर घुसळून बेअरिंग तापतं.

2015 साली पाण्याअभावी परळीचं वीज केंद्र बंद पडलं, तेव्हा मामूंनी पहिल्यांदा तिथल्या मोटारींचीच चौकशी केली.

यंदा मामू निवृत्त होताहेत. त्यांच्या जागी अजून कुणी नेमलेलं नाही.